तिजोरी उघडली, छावणी बंदच राहिली

१

असल्या चित्रपटावर वेळ कशाला घालवायचा, असा प्रश्न आपल्यातले काही कार्यकर्ते विचारतील. मेलेली माणसे उठून जिवंतांचे लचके तोडतात, जिवंत माणसे त्यांच्या डोक्यात गोळ्या घालतात, मधेच जुगारखान्याची तिजोरी फोडली जाते आणि शेवटी अख्ख्या शहरावर अणुबॉम्ब पडतो. यात विचार करण्यासारखे काय आहे? माझे उत्तर साधे आहे. आपली मुले हे चित्रपट पाहतात. पूर्वी जत्रेच्या तंबूत सिनेमा यायचा, आज तो हातातल्या फोनवर येतो. एवढे लोक जे पाहतात त्यातून माणसाच्या जगण्यामरण्याच्या किमतीविषयी काही समजुती पक्क्या होत असतात. त्या तपासणे हे समीक्षेचेच काम आहे. ते काम फक्त कविता आणि कादंबरीपुरते ठेवायचे असेल तर समीक्षा ही चार प्राध्यापकांची खाजगी मालमत्ता होऊन बसेल.

झॅक स्नायडर या दिग्दर्शकाचा 'आर्मी ऑफ द डेड' हा अमेरिकन चित्रपट मे २०२१ मध्ये काही चित्रपटगृहांत आणि लगोलग नेटफ्लिक्सवर आला. मी तो एका वसतिगृहाच्या खोलीत आठ-दहा विद्यार्थ्यांबरोबर पाहिला. शेवटाकडे केट नावाची तरुणी आपल्या हरवलेल्या मैत्रिणीला शोधायला कोणालाही न सांगता एकटीच निघते. त्या क्षणी खोलीत हशा पिकला. "हिच्या मूर्खपणापायी आता सगळे मरणार," एक जण म्हणाला. पुढे झालेही तसेच. सगळ्यांना आपले भाकीत खरे ठरल्याचा आनंद झाला.

तो हशा माझ्या डोक्यातून गेला नाही. हा चित्रपट पात्रांच्या मूर्ख निर्णयांनी बिघडला आहे, हे मत सर्वत्र ऐकू येते आणि ते खोटे नाही. पण कोणाचा निर्णय मूर्ख, कोणाचा केवळ चुकलेला आणि कोणाचा नाइलाजाचा, हे न पाहता सगळ्यांना एकाच टोपलीत टाकले की समीक्षाही तोच मूर्खपणा करते. म्हणून हा लेख.

२

आधी 'झॉम्बी' या शब्दाची जन्मकथा पाहू. आपल्या मराठीत झोंबी म्हणजे झटापट, अंगाला अंग भिडवून केलेली झुंज. आनंद यादवांच्या १९८७ च्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे ते नाव आहे. चित्रपटातला झॉम्बी मात्र हैतीतून आला. हैती ही फ्रान्सची वसाहत होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर तेथे साखर पिकत होती. १७९१ मध्ये या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचे राष्ट्र उभे केले. अशा लोकांच्या लोककथेत झॉम्बी म्हणजे मेल्यानंतरही ज्याला मालकासाठी राबावे लागते असा देह. त्याला इच्छा नाही, स्मृती नाही आणि सुटका नाही. मरण ही गुलामाची शेवटची सुटका. तीही हिरावली गेली तर काय, ही त्या लोकांची भीती होती. झॉम्बी आपल्याला खाईल ही भीती नव्हती. आपणच झॉम्बी होऊ, ही होती.

१९१५ ते १९३४ या काळात अमेरिकेने हैतीवर लष्करी ताबा ठेवला आणि याच काळात हा शब्द हॉलिवूडमध्ये पोचला. १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी' या चित्रपटात साखरेच्या गिरणीचे एक दृश्य आहे. मुकी, निर्जीव माणसे टोपल्या भरून ऊस आणत आहेत, चरक फिरवत आहेत. त्यांतला एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो. कोणी थांबत नाही, चरकही थांबत नाही. एवढ्या एका दृश्यात श्रमाच्या शोषणाचे जे चित्र उभे राहते ते पुढच्या शेकडो रक्तबंबाळ चित्रपटांना जमलेले नाही.

मग भीतीची दिशा उलटली. गुलामाची भीती मालकाची झाली. चित्रपटांत झॉम्बी म्हणजे बाहेरून चालून येणारा नावगाव नसलेला जमाव झाला; त्याच्यापासून घर, बाजार, शहर वाचवायचे. 'आर्मी ऑफ द डेड' हा या उलट्या परंपरेतला चित्रपट आहे. तरीही त्यात मधूनमधून जुनी भीती डोके वर काढते, आणि दिग्दर्शक ती हातात सापडूनही टाकून देतो. माझी तक्रार नेमकी इथे सुरू होते.

३

कथानक थोडक्यात असे. लष्कराच्या गुप्त तळावरून निघालेली एक गाडी अपघातात सापडते आणि तिच्यातला झॉम्बी मोकळा सुटतो. लास वेगास हे जुगाराचे शहर पाहता पाहता मृतांचे होते. सरकार मालवाहू जहाजांवरचे पोलादी कंटेनर एकावर एक रचून शहराभोवती भिंत घालते. भिंतीला लागून एक छावणी आहे. तिच्यात संशयित म्हणून अडकवून ठेवलेली माणसे राहतात. त्यांच्या कपाळावर ताप मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि पहारेकऱ्याची मर्जी फिरली की माणूस एका क्षणात 'आजारी' ठरतो. लोकांना येथे रोगापायी ठेवले आहे की राजकारणापायी, असा वाद चित्रपटातल्या दूरदर्शन-चर्चेत ऐकू येतो. तापाचे हे यंत्र चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत सगळ्या जगाच्या ओळखीचे झाले होते. संसर्गाचे निमित्त करून माणसाला भिंतीबाहेर कसे ठेवता येते हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

स्कॉट वॉर्ड हा नायक. शहर पडत असताना त्याने आणि त्याच्या साथीदारांनी अनेकांना बाहेर काढले. बायकोला झॉम्बी झालेली पाहून तिला स्वतःच्या हाताने मारले. आज तो एका खानावळीत मांसाच्या टिक्क्या भाजतो. त्याची जुनी सहकारी क्रूझ मोटारी दुरुस्त करते, व्हँडरो वृद्धाश्रमात काम करतो. ज्यांनी जीव धोक्यात घालून लोकांना वाचवले ते पुन्हा हातावरच्या पोटाच्या धंद्याला लागले. ही सुरुवात चांगली आहे, खरी आहे. युद्धातून परतलेल्या शिपायाचे असेच होत असते.

अशा माणसाकडे टनाका नावाचा जुगारखान्याचा मालक येतो. त्याच्या तळघरातल्या तिजोरीत २० कोटी डॉलर अडकले आहेत. चार दिवसांनी सरकार शहरावर अणुबॉम्ब टाकणार आहे. त्याआधी ते आणलेत तर ५ कोटी तुमचे. वॉर्ड टोळी जमवतो. एक हेलिकॉप्टर चालवणारी, एक तिजोरी फोडणारा जर्मन, एक झॉम्बी मारून नाव कमावलेला तरुण आणि त्याची मैत्रीण. मालकाचा माणूस मार्टिन बरोबर येतो. टोळीतला वाटाही सारखा नाही. ज्याला जेवढे कमी सांगून भागेल तेवढे कमी सांगितले जाते. मालकाने आपल्याशी जे केले तेच नायक आपल्याखालच्यांशी करतो. हे चित्रपटात आहे, पण ते विनोदासाठी आहे.

वॉर्डची मुलगी केट छावणीत स्वयंसेविका आहे. तिची मैत्रीण गीता ही छावणीतली दोन मुलांची आई. मुलांना तेथून सोडवायचे तर लाच द्यायला पैसे हवेत, आणि पैसे भिंतीच्या आत, जुगाराच्या यंत्रांत पडून आहेत. म्हणून गीता चोरवाटेने आत जाते आणि परत येत नाही. केट बापापुढे अट घालते: मला बरोबर नेलेस तरच आत जाण्याची वाट दाखवणाऱ्या बाईपाशी तुला पोचवीन.

म्हणजे दोन चोऱ्या आहेत. एक २० कोटींची, दुसरी गीताची. एकीसाठी अडीच तासांचा चित्रपट आहे. दुसरी पडद्यावर दाखवलेलीसुद्धा नाही.

४

आता मूर्खपणाकडे येऊ. नाटक-सिनेमात पात्राने चूक केलीच पाहिजे. चुकीशिवाय कथा नाही. पण चूक पात्राच्या स्वभावातून, गरजेतून, त्याला ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या गोष्टींतून यावी लागते. प्रेक्षक म्हणतो, "याच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते, आणि असाच मेलो असतो." अशी चूक माणसाविषयी काही सांगते. दुसऱ्या जातीची चूक पटकथाकाराच्या सोयीची असते. पुढच्या दृश्यात कोणीतरी मरायला हवे, म्हणून या दृश्यात त्याची बुद्धी काढून घ्यायची. ही चूक पात्राची नसते, पात्राला ती नेसवलेली असते. 'आर्मी ऑफ द डेड'ची पटकथा तिघांनी मिळून लिहिली आहे आणि ती अशा नेसवलेल्या चुकांनी भरलेली आहे.

पैशांचाच हिशेब घ्या. शंभर डॉलरची नोट साधारण १ ग्रॅम वजनाची. २० कोटी डॉलर म्हणजे अशा २० लाख नोटा, म्हणजे २,००० किलो. दोन टनांचा हा माल गच्चीवर धूळ खात पडलेल्या, अजून दुरुस्तही न झालेल्या हेलिकॉप्टरमधून, वर सगळी टोळी बसवून न्यायचा आहे. एवढ्या कसलेल्या माणसांपैकी कोणी तोंडी बेरीजसुद्धा करत नाही. हमालाने हा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला असता.

चाव्याचेही तसेच. एक चावा बसला की माणूस संपला, हे या जगात लहान मुलाला ठाऊक आहे. तरी मान, मनगट झाकेल असे जाड कातडे कोणी अंगावर चढवत नाही. नायकाचे दंड उघडेच. गंमत म्हणजे मृतांचा राजा झ्यूस मात्र लढाईला निघताना डोक्यावर पोलादी शिरस्त्राण चढवतो. शत्रू डोक्यात गोळी घालतो हे त्याच्या लक्षात आले आहे. अनुभवातून शिकणारा चित्रपटात एकटा तोच आहे, आणि तो मेलेला आहे.

चेंबर्स या तरुणीचे मरण हा सर्वांत संतापजनक भाग. ती सावध आहे, मार्टिनवर तिचा विश्वास नाही. टोळीला अंधाऱ्या जागेतून, निपचित उभ्या असलेल्या शेकडो झॉम्बींच्या मधून, आवाज न करता जायचे असते आणि नेमका मार्टिनच तिला वाट चुकवतो. ती एकटी विलक्षण झुंज देते. मराठीतली खरी झोंबी चित्रपटात कुठे असेल तर ती येथे. पण ती घेरली जाते, चावली जाते आणि शेवटी तिच्याच साथीदाराला तिच्या पाठीवरच्या इंधनाच्या टाकीवर गोळी झाडावी लागते. यानंतर काय होते? ज्याच्यावर तिचा संशय होता त्या मार्टिनला बरोबर घेऊन टोळी पुढे चालू लागते. चौकशी नाही, जाब नाही. जाब विचारला तर पुढचे कथानक अडते, म्हणून एका सहकाऱ्याचे मरण गिळून टाकायचे. आपल्याबरोबरच्या माणसाच्या मरणाचा जाब न विचारणारी टोळी मूर्ख आहेच; पण त्याहून ती अमानुष आहे, आणि चित्रपटाला हे कळलेले नाही.

बॉम्ब टाकण्याचा मुहूर्त सरकार अचानक चोवीस तास अलीकडे आणते. टोळीच्या हाती तास-दीड तास उरतो. अशा वेळी क्रूझ वॉर्डजवळ आपले मन मोकळे करते आणि पुढच्याच क्षणी एक झॉम्बी तिची मान मोडतो. तिचा जीव प्रेक्षकाला थोडा जड जावा यासाठी ते प्रेम तेवढ्यापुरते उभे केलेले आहे.

आणि मालकाचे काय? पुढे उघड होते की टनाकाला पैशांची गरजच नव्हती. त्याला हवे होते मृतांच्या राणीचे मुंडके. तिच्या रक्तातून आज्ञाधारक, न मरणाऱ्या सैनिकांची फौज बनवायची होती. मग तिजोरीचे हे एवढे नाटक कशाला? भाडोत्री शिपाई पाठवून राणीला मारून आणता आले असते. या मूर्खपणात मात्र नकळत एक सत्य सांडले आहे. मालक मजुराला खरे काम कधी सांगत नाही. मजुराला दाखवला जातो रोकडा आणि घेतला जातो त्याचा जीव. आज्ञाधारक न मरणारे सैनिक म्हणजे तरी काय? हैतीच्या लोककथेतला तोच मेल्यानंतरही राबणारा देह. चित्रपट आपल्या मूळ उगमापाशी येथे येऊन पोचला होता. राणी गरोदर होती हे कळल्यावर झ्यूसचा आक्रोशही दाखवला आहे. दरोडेखोर कोण आणि लुटले कोण गेले, हा प्रश्न दिग्दर्शकाच्या तोंडाशी आला होता. पण त्याने तो गिळला. मार्टिनला एका झॉम्बी वाघाकडून फाडून घेतले, प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या आणि प्रश्न मिटला. मालक टनाका भिंतीबाहेर सुरक्षित आहे याची आठवणही कोणाला राहिली नाही.

५

आता केट. वसतिगृहातल्या मुलांनी हसून मूर्ख ठरवलेली हीच ती.

केट बापाला वचन देते की मी तुझ्याजवळून हलणार नाही. मग वेळ टळत आली असताना ती गुपचूप निघून जाते. तिला शोधायला बाप मागे फिरतो, हेलिकॉप्टर मागे फिरते. गीता सापडते. पण झ्यूसही हेलिकॉप्टरवर चढतो, बॉम्ब पडतो, हेलिकॉप्टर कोसळते. चालवणारी मरते. चावलेल्या बापाला केटला स्वतःच्या हाताने गोळी घालावी लागते. हिशेब मांडला तर केटचा निर्णय तोट्याचा आहे.

परंतु एक प्रश्न विचारून पाहा. या संपूर्ण टोळीत दुसऱ्या माणसासाठी आत शिरलेले कोण आहे? बाकी सगळे पैशासाठी आले आहेत, मार्टिन मुंडक्यासाठी आला आहे. एका बंदिस्त बाईला परत आणून तिच्या मुलांच्या हाती द्यायचे, हा एकच हेतू या चित्रपटात माणुसकीचा आहे. पटकथेने नेमक्या त्याच हेतूला अक्कल दिली नाही. केटने वाट माहीत असलेल्या बाईला विश्वासात घेतले असते, टोळीतल्या एकाला बरोबर नेले असते, पहिल्या दिवसापासून बापाशी ठरवून घेतले असते, तर हाच निर्णय शहाणपणाचा ठरला असता. तसे करायला चित्रपटात भरपूर वेळ होता. तो वेळ तिजोरीवर खर्च झाला. तिजोरीचे नाव काय, ती कोणी बनवली, तिची चक्रे कशी फिरतात, ती उघडताना जर्मन कारागिराच्या चेहऱ्यावर कसा भक्तिभाव येतो, हे आपण पाहतो. एवढ्यावर भागले नाही. त्या कारागिराच्या पूर्वायुष्यावर 'आर्मी ऑफ थीव्ज' हा अख्खा वेगळा चित्रपट त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, आला. त्यात पुन्हा तिजोऱ्याच तिजोऱ्या आहेत. गीता कुठून आली, छावणीत कशी अडकली, आत गेल्यावर तिच्यावर काय गुदरले, यासाठी कोणी पाच मिनिटे दिली नाहीत.

दरोडा घालताना आखणी असते आणि माणूस सोडवायला जाताना आखणी नसते. मग प्रेक्षक कोणाला हुशार म्हणणार? दरोडेखोराला. कोणाला मूर्ख म्हणणार? माणूस सोडवायला निघालेलीला. माझ्या मते या चित्रपटाचा खरा दोष हा आहे. केटचा मूर्खपणा तिचा स्वतःचा नाही. चांगुलपणा म्हणजे भाबडेपणा आणि हिशेबीपणा म्हणजे बुद्धी, ही बाजारातली समजूत लेखकांनी न तपासता उचलली आणि तिच्या कपाळी मारली.

आणि गीता? तिचा निर्णय तर सर्वांत धोक्याचा: शस्त्र नाही, शिक्षण नाही, पाठीशी कोणी नाही, तरी मृतांच्या शहरात शिरायचे. पण तो मूर्ख आहे असे कोण म्हणेल? पोरांना छावणीतून काढायचे तर पैसा लागतो आणि पैसा एकाच ठिकाणी आहे. पुराचे पाणी घरात शिरलेले असताना रेशनकार्डासाठी झोपडीत परत धावणारी बाई आपण पाहिली आहे. बातमी वाचणारा म्हणतो, "कागदासाठी जीव घालवला, वेडी कुठली." त्या कागदावाचून पुढची दहा वर्षे कशी जातात हे त्याला ठाऊक नसते. गरिबाच्या निर्णयाला मूर्ख म्हणण्यापूर्वी त्याच्यापुढे दुसरे कोणते दार उघडे होते ते पाहावे लागते. त्या दृष्टीने गीताचा निर्णय हा या चित्रपटातला सर्वांत पक्क्या कारणाचा निर्णय आहे, आणि तोच पडद्याबाहेर घडतो.

गीताचे काम हुमा कुरेशी या आपल्या अभिनेत्रीने केले आहे. २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या 'काला' या तमिळ चित्रपटात तिने धारावीत परतून आलेली झरीना उभी केली होती. वस्ती पाडणारे आणि वस्ती राखणारे यांच्यामध्ये वाद घालणारी, चुकणारी, आपले म्हणणे असलेली ती बाई होती. झरीनाचे निर्णय पटोत न पटोत, ते तिचे होते. त्याच अभिनेत्रीच्या वाट्याला हॉलिवूडमध्ये आले ते वाट पाहत बसणे, सुटका करून घेणे आणि नाहीसे होणे. हेलिकॉप्टर कोसळल्यावर बाप-लेकीच्या निरोपाला चित्रपटाकडे वेळ आहे. गीताचे काय झाले हे सांगायला तो थांबत नाही. जिच्यासाठी सगळे परत फिरले ती कथेच्या शेवटी कोणाच्या लक्षातच नाही.

६

मारधाडीच्या चित्रपटाकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे असे कोणी म्हणेल. म्हणून याच जातीची दोन उदाहरणे देतो.

जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ च्या ऑक्टोबरात आला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन सहा महिने झाले होते. थोड्या पैशांत केलेला हा काळापांढरा चित्रपट. बेन हा त्याचा नायक काळा आहे. ड्वेन जोन्सने ते काम केले. एका एकाकी घरात अडकलेल्या माणसांत वाद होतो. बेन म्हणतो वरच थांबून दारेखिडक्या ठोकू, कूपर नावाचा गोरा गृहस्थ म्हणतो तळघरात बसू. दोघांकडे कारणे आहेत. प्रेक्षकाचा कौल धडाडीच्या बेनकडे जातो. पण शेवटी बेन वाचतो तो तळघरातच. म्हणजे ज्याला तो भेकड म्हणत होता त्याचेच म्हणणे खरे ठरले. ही चूक खरी, माणसाची चूक आहे. आणि सकाळी तळघरातून वर आलेल्या बेनला, झॉम्बी मारायला निघालेल्या बंदूकधाऱ्यांची टोळी खिडकीत पाहते आणि कपाळात गोळी घालते. त्याचे प्रेत आकडे लावून ओढले जाते. तो जिवंत आहे की मेलेला हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. नायक मेला तो स्वतःच्या निर्णयाने नाही, व्यवस्थेच्या सवयीने.

दुसरे उदाहरण येऊन सांग-हो या कोरियन दिग्दर्शकाच्या 'पेनिन्सुला'चे (२०२०). येथेही दरोडाच आहे. झॉम्बींनी व्यापलेल्या कोरियातून २ कोटी डॉलर भरलेला ट्रक आणायचा. जाणारे हाँगकाँगमधले कोरियन निर्वासित; तेथे त्यांना रोगट म्हणून हिणवले जाते. ते का जातात हे विचारावे लागत नाही. नायकाने पूर्वी पळून जाताना रस्त्यावर हात जोडणाऱ्या एका कुटुंबाला मागे टाकलेले असते. परत गेल्यावर त्याला वाचवते ती त्याच कुटुंबातली बाई. निर्णयाचे ओझे माणसाच्या मानेवर चार वर्षे राहते. या चित्रपटाचा शेवट रडका आणि ताणलेला आहे, मोटारींच्या शर्यती तर व्हिडिओ खेळातल्या वाटतात. तरी त्यातली माणसे स्वतःच्या चुका स्वतः वाहतात.

स्नायडरला हे जमत नाही असेही नाही. २००४ साली रोमेरोच्याच 'डॉन ऑफ द डेड'ची नवी आवृत्ती करून त्याने कारकीर्द सुरू केली. 'आर्मी'चे कॅमेराकाम त्याने स्वतः केले आहे. शहर पडतानाचे सुरुवातीचे मुके दृश्य पाहण्यासारखे आहे. वॉर्ड आणि त्याचे साथीदार माणसे बाहेर काढत असतात त्या काही मिनिटांत जेवढी माणसे भेटतात तेवढी पुढच्या दोन तासांत भेटत नाहीत. डेव्ह बॉटिस्टाच्या अवाढव्य देहातला थकलेला बापही खरा वाटतो. हत्यारे होती, कारागीर होता. त्यांचा रोख चुकला.

७

त्या रात्री चित्रपट संपल्यावर मी मुलांना एकच प्रश्न विचारला. "गीताच्या दोन पोरांचे काय झाले?" कोणाला सांगता आले नाही. एकाने मागे जाऊन पुन्हा पाहिले. पोरे छावणीत आईची वाट पाहत होती, त्यानंतर ती नाहीत. छावणी रिकामी करण्याचे हुकूम सुटले होते, एवढेच कळते. ज्या मुलाने केटला मूर्ख म्हटले होते तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तिजोरीत किती पैसे होते ते मला पाठ आहे, पोरांची नावे आठवत नाहीत."

मी त्याला दोष दिला नाही. चित्रपटानेच त्याला तसे पाहायला शिकवले होते. आपण वाचक, शिक्षक, कार्यकर्ते म्हणून एवढे करू शकतो: पडद्यावर कोणी 'मूर्खपणा' केला की हसण्याआधी तो कोणाच्या सोयीचा आहे हे विचारायचे. आखणी कोणाच्या कामाला मिळाली आणि कोणाच्या कामाला मिळाली नाही, ते मोजायचे. ही सवय एकदा लागली की ती पडद्यापुरती राहत नाही. वसतिगृहातल्या त्या मुलाने दुसऱ्या दिवशी मला विचारले की तो रोमेरोचा जुना चित्रपट कुठे पाहायला मिळेल. येत्या रविवारी आम्ही तो त्याच खोलीत पाहणार आहोत.